चौलच्या खापरांचा ठावठिकाणा

(अनावृत पत्र)

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात, कुंडलिकेच्या मुखाशी वसलेल्या चौल आणि रेवदंडा या जोडगावांत एक स्थानिक पुरातत्त्व-संग्रहालय स्थापन व्हावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र आपणांस लिहीत आहे. ती रीतसर अर्जाच्या रूपाने आपल्या दफ्तरी दाखल करण्याऐवजी चारचौघांसमक्ष करीत आहे, याचे कारण एवढेच की, तिच्यातील निम्मे म्हणणे आपल्यासाठी असले, तरी उरलेले निम्मे आमच्या वाडीमालकांनी, देवस्थानांच्या पंचांनी, शाळामास्तरांनी आणि घराचा पाया खणणाऱ्या कंत्राटदारांनीही ऐकावे असे आहे. आणि ज्या कामाला सरकार व रयत या दोघांचाही हात लागल्यावाचून ते तडीस जात नाही, त्याची बोलणी बंद लिफाफ्यात करण्यात काही हशील नसते.

चौलच्या प्राचीनत्वाविषयी आपणांस मी काही सांगावे, हे आपल्या अधिकारास शोभणारे नाही. मात्र त्या प्राचीनत्वाच्या पुराव्याची एक चमत्कारिक गोष्ट आहे, ती आपल्या निदर्शनास आणावीशी वाटते. तो पुरावा जवळजवळ सगळाच परगावी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील दर्यावर्दी ग्रंथात आणि दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात कोकणच्या या बंदराचे नाव आढळते, ते ग्रंथ दूर मिसर देशात लिहिले गेले. चेमुल, म्हणजेच चौल, येथील एका सोनाराच्या घराण्यातील पुरुषाने बौद्ध भिक्षूंसाठी पाण्याचे टाके खोदवून दिले, त्याची नोंद कान्हेरीच्या कातळावर आहे. हिजरी ३०४ च्या, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा अरब इतिहासकार येथे येऊन गेला, तेव्हा शिलाहार झंझ हा राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणून या मुलखावर राज्य करीत होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान या नगरात नांदत असून, त्यांचे आपसांतले तंटे तोडण्यासाठी त्यांच्यातीलच एका प्रतिष्ठित पुरुषाची नेमणूक राजा करतो, असे मसूदीने लिहून ठेवले, ते अरबी भाषेत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा त्वेर नगरीचा रशियन व्यापारी एक घोडा बरोबर घेऊन चौलला उतरला, जुन्नरला पोहोचल्यावर तेथील खानाने तो घोडा काढून घेतला आणि पुढे मोठ्या मिनतवारीने तो त्याला परत मिळाला. ही सारी हकीकत रशियन हस्तलिखितांत आहे, आणि रेवदंड्यात तिची खूण म्हणून आहे तो केवळ अलीकडे उभारलेला एक स्मृतिस्तंभ. पोर्तुगीजांच्या कारकिर्दीचे कागद लिस्बनला व गोव्यात. या सर्वांचा धांडोळा घेऊन चौल व वसई यांच्या इतिहासाचे आणि पुराणवस्तूंचे पहिले साक्षेपी पुस्तक १८७६ मध्ये प्रसिद्ध केले, ते मुंबईस वैद्यकी करणाऱ्या डॉ. जोसे जेर्सन द कुन्य या गोमंतकीय विद्वानाने, आणि तेही इंग्रजीत.

मग चौलपाशी स्वतःचे असे उरले काय? उरली ती माती, आणि मातीत जे मिसळून गेले ते. राजधानीच्या शहरात राजवाडे मागे राहतात आणि तीर्थक्षेत्री देवळे मागे राहतात. परंतु बंदराचे वैभव हे येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचे वैभव असल्यामुळे, माल निघून गेला की मागे राहते ते फुटके भांडे, गाळाने भरलेली खाडी, धक्क्याचा एखादा दगड आणि वाऱ्याची वाट पाहत चार महिने अडकून पडलेल्या परदेशी माणसाची कबर. चौलचा इतिहास या जातीचा आहे. त्याला मोठ्या मूर्तींची नव्हे, लहान तुकड्यांची साक्ष काढावी लागते. आणि लहान तुकड्याचे दुर्दैव असे की, तो हरवला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

हे तुकडे कसे असतात, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या पोफळीच्या वाड्यांत रोपासाठी खड्डा घेतला किंवा जुन्या विहिरीचा गाळ उपसला, म्हणजे खापरे निघतात. त्यांत मधूनच एखादे जाड, पिवळसर-तांबूस, बाहेरून खरबरीत असे खापर हाती येते, आणि ते उलटे करून पाहिले तर आतल्या अंगाला काळ्या डांबराचा थर चिकटलेला दिसतो. आमच्याकडच्या कुंभाराने आपल्या मडक्याला आतून डांबर कधी फासलेले नाही. हे तुकडे इराक-इराणकडच्या, बिनकानाच्या, लांबट व तळाशी निमुळत्या होत गेलेल्या रांजणांचे असतात. पातळ पदार्थ झिरपून जाऊ नये म्हणून त्यांना आतून डांबर देत, आणि ते इराणी आखाताच्या वाटेने पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत येत. भारतात सापडलेल्या असल्या खापरांपैकी पुष्कळशी पूर्वी रोमन मद्यकुंभांची म्हणून नोंदली गेली होती. पुढे मातीचा पोत आणि हा काळा लेप बारकाईने तपासल्यावर त्यांचे खरे माहेर उमगले, आणि त्यासरशी आपल्या किनाऱ्यावरच्या व्यापाराचा किती हिस्सा रोमकडे आणि किती आखाताकडे, हा हिशेबच नव्याने मांडावा लागला. तळहाताएवढ्या खापराने एवढी उलथापालथ केली, परंतु ते कोठे, किती खोल आणि कशाच्या सोबतीने सापडले हे ज्ञात असल्यामुळेच ती घडू शकली. तेच खापर कोणी हौसेने उचलून मुंबईतल्या दिवाणखान्यात मांडले, तर तो मातीचा एक तुकडा राहतो. आणि उत्तमोत्तम संग्रहालयातही, ‘चौल’ एवढ्या दोन अक्षरांच्या चिठ्ठीसह तो खणात पडून राहिला, तर त्याची साक्ष अर्धी बुडालेली असते.

माझ्या विनंतीचे मर्म येथेच आहे. वस्तू दूरच्या संग्रहालयात नेली तर ती वाचते, हे मी नाकारीत नाही. किंबहुना कित्येक वस्तू गावातून वेळीच उचलल्या गेल्या म्हणूनच आज अस्तित्वात आहेत. परंतु वस्तूबरोबर तिचा ठावठिकाणा नेता येत नाही. अमुक विहिरीच्या कोणत्या अंगाला जुन्या विटांचे बांधकाम लागते, अमुक वाडीच्या कुंपणापाशी दरवर्षी पावसानंतर मणी का दिसतात, देवळाच्या पायरीला लावलेला कोरीव दगड मूळचा कोठला, हे ज्ञान वस्तूत नसते, ते गावच्या माणसांत असते. ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्या वाड्या विकल्या जात आहेत. जेथे हाताने आळी केली जात आणि खापर निघाले की ते बाजूला ठेवले जाई, तेथे यंत्राचा फाळ एका दुपारी दोन पुरुष खोल खड्डा घेतो आणि सारी माती भरावासाठी भलतीकडे नेऊन टाकतो. येथे उत्खनने झाली नाहीत असे नाही. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी डॉ. विश्वास गोगटे यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडात आले, आणि बंदराच्या प्राचीनत्वाविषयी ग्रंथांत जे वाचावयास मिळत होते, त्याला भूमीची ग्वाही मिळाली. परंतु उत्खनन चार-दोन खड्ड्यांपुरते आणि चार-दोन हंगामांपुरते असते. उरलेला सारा गाव रोज थोडाथोडा खणला जात असतो, आणि त्या खणण्याची नोंद ठेवणारे कोणी नसते.

म्हणून चौलच्या संग्रहालयाचा प्रारंभ इमारतीपासून न होता मोजदादीपासून व्हावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्याकडे अशा कार्यांचा शिरस्ता उलटा पडला आहे. प्रथम जागेचा वाद, मग भूमिपूजन, मग वास्तू, मग उद्घाटनाची तारीख, आणि सरतेशेवटी त्या वास्तूत ठेवायचे काय याची धावपळ! त्यापेक्षा एक जाड बांधणीची नोंदवही आणि तिच्या जोडीला छायाचित्रे व नकाशा एवढ्यावर काम सुरू करता येईल. प्रत्येक गद्धेगाळ, वीरगळ, कोरीव शिळा, तोफ, पोर्तुगीज अक्षरांची फरशी, जुनी कबर, विहिरीतली वीट, घराघरांतल्या फडताळांत ठेवलेली नाणी, मणी व खापरे यांना क्रमांक द्यावा; वस्तू कोठे आहे, कोठून आली, कोणाच्या वहिवाटीत आहे, तिच्याविषयी घरात किंवा आळीत काय सांगतात, हे त्या क्रमांकापुढे लिहावे; शिलालेख असेल तर त्याचा ठसा घ्यावा. पूजेतली मूर्ती पूजेतच राहावी, तिला गाभाऱ्यातून हलविण्याची भाषा कोणी करू नये. नोंद झाली आणि छायाचित्र घेतले, की ती जागेवर राहूनही संग्रहालयाची होते. रामेश्वराच्या देवळातील पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड यांच्याविषयी आमच्याकडे जे परंपरेने सांगितले जाते, तेही त्याच वहीत, ‘परंपरा’ या रकान्याखाली, पुराव्याशी न मिसळता लिहिले जावे. ही फेरिस्त दोन पावसाळ्यांच्या आत पुरी करता येण्यासारखी आहे. आणि ती पुरी झाल्यावर इमारतीची गरज किती दालनांची आहे, हा प्रश्न अंदाजाचा न राहता हिशेबाचा होईल.

या मोजदादीच्या वाटेत एक मोठी धोंड आहे, आणि ती केवळ आपल्या हुकुमानेच दूर होऊ शकते. गावोगावी एक समजूत रुजलेली आहे की, जमिनीत काही निघाल्याचे सरकारला कळले, म्हणजे सरकार जमीन घेते. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरास वर्दी देणे बंधनकारक केले. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याने नोंदणीची तरतूद केली. परंतु सामान्य माणसाच्या मनात या दोन्ही कायद्यांचे मिळून एकच भय उरले आहे, आणि त्या भयापोटी निघालेली वस्तू पुन्हा पुरली जाते, समुद्रात टाकली जाते, किंवा रात्रीतून परगावच्या व्यापाऱ्याच्या हाती जाते. कायद्याचा हेतू रक्षणाचा असूनही परिणाम नाशाचा व्हावा, यासारखी विपरीत गोष्ट नाही. आपण साध्या मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावता येईल असे एक परिपत्रक काढावे: वाडीत खापर, मणी किंवा कोरीव दगड सापडल्याची वर्दी देणाऱ्यावर कोणते बंधन येते, कोणते येत नाही, जमिनीच्या मालकीला त्यामुळे केव्हा बाध येतो आणि केव्हा मुळीच येत नाही, वर्दी कोणाकडे द्यावयाची आणि पोच कोणती मिळते. चोराचे भय मनुष्याला सावध करते, पण सरकारचे भय त्याला मुका करते. आणि मुक्या साक्षीदारांवर कोणताही इतिहास उभा राहत नाही.

असे स्थानिक संग्रहालय महाराष्ट्रात अशक्य आहे, असे म्हणण्याची सोय आपल्याच खात्याने ठेवलेली नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे काही मोठे शहर नव्हे; परंतु प्राचीन तगर नगरीच्या या गावी रामलिंगप्पा लामतुरे नामक एका रहिवाशाने पांढरीच्या टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर वेचून सांभाळल्या, आणि आज त्याच संग्रहाचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने तेथे उभे आहे. त्यात असलेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेची सख्खी बहीण शोभावी अशी असल्याने देशोदेशींचे अभ्यासक ती पाहण्यासाठी तेरची वाट धरतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची चिमुकली कांस्यमूर्ती कोल्हापुरातच, टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. म्हणजे समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर आणि मराठवाड्यात, समुद्रव्यापाराच्या खुणा जपणारी दालने आहेत. आणि पहिल्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत जेथे गलबते लागत होती, त्या चौलला मात्र एक कपाटही नाही. ‘पेरिप्लस’मध्ये तगर आणि चौल ही दोन्ही नावे आली आहेत. त्यांपैकी पहिल्याला न्याय मिळाला आहे. दुसऱ्याला तो मिळावा, एवढेच मागणे आहे.

आता या संग्रहालयाला ज्या अडचणी येतील, त्यांतली सर्वांत मोठी अडचण कोणा विरोधकाची नसून खाऱ्या हवेची आहे, आणि तिची तजवीज आरंभापासून झाली पाहिजे. किनाऱ्यालगतच्या जमिनीतून निघालेल्या खापरात क्षार मुरलेला असतो. खापर वाळले की तो पृष्ठभागावर येतो, पांढरी बुरशी आल्यासारखा दिसतो आणि पाहता पाहता वरचा पापुद्रा सुटून, त्यावरचा रंग किंवा झिलई, म्हणजे नेमकी जी ओळखीची खूण तीच, गळून पडते. त्यासाठी खापर गोड्या पाण्यात ठेवून ते पाणी पुनःपुन्हा बदलावे लागते, आणि पाण्यात क्षार उतरावयाचा थांबला हे तपासून मगच ते सावलीत वाळवावे लागते. लोखंडाचे त्याहून कठीण. खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्यावर आणि अलीकडे रेवदंड्याच्या तटात पडलेल्या तोफांना वरून काळा रंग फासला, म्हणजे त्या जतन झाल्या असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु क्षार आत असताना वरून रंग देणे म्हणजे गंज झाकणे होय, तो थांबविणे नव्हे. सबब, या संग्रहालयात प्रदर्शनाच्या दालनाआधी पाण्याच्या टाक्या, वाळवणाच्या फळ्या आणि हे काम शिकलेला एक तरी मनुष्य असावा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दमट हवा ज्या कपाटात शिरते ते कपाट, सागवानी असो की पोलादी, आमच्या भागात निरुपयोगी ठरते, हे अलिबागच्या कोणत्याही जुन्या कचेरीतले दस्तऐवज पाहून आपली खात्री पटेल.

दुसरी अडचण हद्दींची. रेवदंड्याचा कोट केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे, जुन्या देवळांचा कारभार त्यांच्या पंचांकडे, मशिदी व कबरी त्यांच्या विश्वस्तांकडे, इस्राएली बांधवांचे प्रार्थनामंदिर त्यांच्या समाजाकडे, रस्त्याकडेचा दगड बांधकाम खात्याकडे आणि वाडीतले खापर वाडीमालकाकडे, अशी चौलच्या भूतकाळाची वाटणी झालेली आहे. कोणताही एक वाटेकरी वाईट नाही. पण प्रत्येकाच्या हद्दीपाशी इतिहास तुटतो. प्रत्यक्षात तो तसा तुटलेला नव्हता. सातखणी मनोऱ्याखाली उभे राहिले, की हे डोळ्यांना दिसते. एके काळी सात मजल्यांचा असलेला हा मनोरा फ्रान्सिस्कन जोग्यांच्या देवालयाचा. आता त्याचे वरचे खण ढासळले आहेत आणि उरलेल्या भिंतींतून झाडांच्या मुळ्या उतरल्या आहेत. सभोवती नारळ-पोफळींच्या वाड्या, त्यांतून तटाकडे जाणारी पायवाट, आणि तटापलीकडे तेच पाणी, ज्यावर १५०८ मध्ये मिसरच्या आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे पाय रोवले. पन्नास वर्षांनी त्याच निजामशाहीने, मूर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, महिनोन् महिने वेढा घालून त्यांना उखडण्याचा यत्न केला, तो फसला. १७४० मध्ये मराठ्यांनी तो मुलूख घेतला. आणि तरीही पोर्तुगीज गेल्याला पावणेतीन शतके लोटल्यावर कोर्लईच्या ख्रिस्ती आळीत पोर्तुगीजपासून उपजलेली बोली आजही घरात बोलली जाते. तेल गाळून आणि शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनिवार तेली’ हे नाव मिळविलेला इस्राएली समाज याच पट्ट्यातला. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्त बार्बोसाने वर्णिलेले, घाटावरून माल लादून येणारे बैलांचे तांडे याच बाजारात उतरत. हे सर्व एका छपराखाली, एका कालपटावर, एकमेकांशेजारी मांडले गेले पाहिजे. आणि ते मांडण्याचे काम या वाटेकऱ्यांपैकी कोणा एकाच्याने होणारे नसल्यामुळे, त्यांना एका बैठकीत बसविण्याचा अधिकार ज्यांच्या शब्दाला आहे, त्या आपणांकडे दाद मागितली आहे.

अशा बहुविध भूतकाळाच्या संग्रहालयाला सर्वाधिक धोका अतिशयोक्तीचा असतो, म्हणून वस्तूंखालच्या चिठ्ठ्यांविषयीही दोन शब्द लिहितो. चौलपासून जवळच, अलिबागच्या वाटेवर, आक्षी येथे एक गद्धेगाळ आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला द्यावयाच्या शापाचे ते परिचित, ओबडधोबड शिल्प. लेखात केसिदेवराय हा राजा आणि भइर्जु सेणुई हा त्याचा महाप्रधान यांची नावे आहेत. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी वाचला, आणि त्या वाचनाने हा मराठीतील सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी एक ठरला. काळाच्या अंकांविषयी इतर अभ्यासकांचे मतभेदही आहेत. आमच्या सभांतून मात्र मतभेदाचा उच्चार झाला, की तो मराठीचा अधिक्षेप समजला जातो. माझी अशी धारणा आहे की, या दगडाचा ठसा संग्रहालयात मांडून त्याखाली दोन्ही वाचने, वादग्रस्त अंक मोठा करून आणि प्रत्येक पक्षाचे कारण दोन ओळींत देऊन, प्रांजळपणे लिहिली, तर शाळकरी मुलगाही त्यापुढे थांबून स्वतः अंक वाचून पाहील. निर्णय ऐकून घेणाऱ्या मुलापेक्षा पुरावा तपासणारा मुलगा गावच्या वारशाचा अधिक भरवशाचा राखणदार होतो. चौलमध्ये तीनशे साठ देवळे होती, यासारख्या लोकप्रिय कथनांनाही हाच न्याय लावावा: कथन म्हणून ते जरूर सांगावे, आणि आज किती देवळांची नोंद मिळते ते शेजारी मांडावे.

हे पाहावयास येणार कोण, असा प्रश्न अंदाजपत्रक तपासणारे अधिकारी अवश्य विचारतील. मांडव्याच्या धक्क्यावर दर शनिवारी उतरणारी मुंबईकरांची गर्दी त्यांना दाखविता येईल. परंतु मला तो आधार पुरेसा वाटत नाही. प्रवासी आज येथे येतो, उद्या दुसरीकडे जातो. ज्या संग्रहालयाची मदार केवळ त्याच्यावर असते, ते हळूहळू त्याच्या करमणुकीचे दुकान होते. चौलच्या संग्रहालयाचा खरा यजमान चौलकरच असला पाहिजे. आपल्या वाडीत निघालेला तुकडा, आपल्या नावाच्या चिठ्ठीसह, आपल्याच गावात मांडलेला पाहण्यासाठी मनुष्य लेकरा-सुनांना घेऊन येतो, आणि दुसरा तुकडा निघाला की तो आपण होऊन आणून देतो. लामतुऱ्यांच्या तेरने हेच सिद्ध केले आहे. चोरीच्या भीतीवरही याहून चांगला उपाय माझ्या माहितीत नाही. कुलूप लागेलच, पहारेकरीही लागेल. परंतु ज्या वस्तूचे छायाचित्र, माप आणि क्रमांक छापून प्रसिद्ध झाले आहे आणि जी कोणाच्या घरची हे आळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, ती वस्तू बाजारात विकणे चोरालाही जड जाते.

सारांश, महोदय, माझ्या मागण्या तीन आहेत आणि त्यांचा क्रम तोच ठेवावा, अशी प्रार्थना आहे. पहिली, वर्दी देणाऱ्या वाडीमालकांना अभय देणारे परिपत्रक, जे येत्या पावसाळ्यापूर्वी, म्हणजे आळी करण्याचा हंगाम सुरू होण्याआधी, ग्रामपंचायतींच्या फळ्यांवर लागावे. दुसरी, एका जाणत्या अधिकाऱ्याची चौल येथे दोन वर्षांसाठी नेमणूक, ज्याने शाळामास्तर व महाविद्यालयीन विद्यार्थी यांना हाताशी धरून ही मोजदाद पुरी करावी आणि ती मराठीत छापून गावातच सवलतीच्या किमतीस उपलब्ध करून द्यावी. तिसरी, ती छापली गेल्यावर, आणि नंतरच, इमारत. तीही नवी बांधण्याऐवजी एखाद्या जुन्या कौलारू वास्तूची डागडुजी करून साधली तर उत्तमच. पुढे त्या दालनांना योग्य अशी सुरक्षितता आली, म्हणजे पुण्या-मुंबईच्या संस्थांनी चौलच्या काही निवडक वस्तू मुदतीच्या बोलीने तेथे पाठवाव्यात. कायमच्या मागण्याचा हट्ट आम्ही धरणार नाही.

पहिल्या दोन मागण्यांना जमीन लागत नाही, दगड-चुना लागत नाही आणि उद्घाटनासाठी कोणाची तारीखही घ्यावी लागत नाही; लागते ती आपली एक सही. ती झाल्यावर मोजदादीस येणाऱ्या अधिकाऱ्याला दार कोण उघडणार, ही शंका उरू नये म्हणून येथे लिहून देतो की, माझ्या वाडीतील विहीर, तिच्यातील जुन्या विटा आणि माळ्यावरच्या टोपलीत ठेवलेली सर्व खापरे, प्रत्येकाच्या जागेच्या माझ्यापाशी असलेल्या टिपणांसह, त्यांनी प्रथम नोंदवावीत. शेजारच्या वाड्यांची दारे त्यापुढे आपोआप उघडतील, याची हमी मी घेतो.



आपला नम्र,
चौल येथील एक वाडीमालक